उसना लेफ्ट आउट

दिवाळी मागे पडली की आमच्याकडच्या काळ्या मातीचा हट्ट एका सकाळी सुटतो. पावसाळाभर ती चपला ओढून घेते, सायकलची चाकं धरून ठेवते, म्हशीलासुद्धा जागेवरून हलू देत नाही. मग एक दिवस पाहावं तर तिच्यावर भेगा. आधी बोट जाईल एवढ्या, पुढे हात जाईल एवढ्या. हवेत गारवा येतो, लांबून ज्वारीच्या ओल्या ताटांचा वास येतो आणि माझा डावा घोटा ठणकायला लागतो. घरात ही खूण सगळ्यांना पाठ आहे. मी तेलाची वाटी घेऊन बसलो की धाकटी मुलगी हातातलं पुस्तक मिटते आणि आईला हाक मारते, "आई, बाबांचा फुटबॉल सुरू झाला."

"त्या घोट्याला खेळून काही झालेलं नाही," सुमन स्वयंपाकघरातूनच सांगते. "रेल्वेच्या स्लीपरच्या चळतीवरून उतरताना मुरगळला होता. मी होते तिथं."

होती. त्याला मी काय करणार?

तेव्हा मी पूर्णेला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. क्वार्टरच्या मागे रूळ, रुळांच्या मागे मालधक्का आणि मालधक्क्याच्या मागे आमचं मैदान. मैदान म्हणजे तीच काळी माती. दिवाळीनंतर ती फाटायला लागली की लोको शेडमधली इंजिनांची राख घमेल्यांनी आणून भेगांत भरायची, वर पाणी मारायचं आणि मालधक्क्यावरची लोखंडी पिंपं लोळवून ती दाबायची. पडलं की गुडघ्यात राख शिरे आणि कातडीखाली निळसर डाग कायमचा राही. आमच्या कॉलनीत खेळणारा कोण आणि नुसता बोलणारा कोण, हे धोतर-लुंगी वर घेतली की कळायचं. माझे गुडघे आजही गोरे आहेत.

मी संघाचा लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या कडेचा खेळाडू, होतो आणि सेक्रेटरीही. लेफ्ट आउट अशासाठी, की अकरावा माणूस कुठेतरी उभा करावाच लागतो. सेक्रेटरी अशासाठी, की माझं अक्षर चांगलं होतं. चांगल्या अक्षरानं माणूस काय काय करून बसतो, ते पुढे येईलच.

मैदानाच्या कडेला रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरची चळत होती, तीच आमची गॅलरी. तिच्यावर सर्वांत वरच्या जागी गार्डबाबा बसत. निवृत्त गार्ड. नोकरी गेली तरी शिट्टी गळ्यात राहिली होती. माझ्याकडे बॉल आला की ते म्हणत, "सेक्रेटरी, बॉलला लाइन क्लीअर देऊ नकोस रे, थांबव त्याला." मी थांबवायला जाई आणि बॉल बोरीबाभळीत जाई. शेवटी एका वर्षी सभेत ठरलं, की या हंगामासाठी बाहेरून एक लेफ्ट आउट उसना आणायचा. आणायला कोणी जायचं? सेक्रेटरीनं. म्हणजे माझ्या जागेवर बसणारा माणूस मीच पॅसेंजरनं परभणीला जाऊन, बाजूला जागा धरून घेऊन आलो. असा उदार खेळाडू इतिहासात दुसरा नसावा, असं मी एकदा म्हटलं, तर सुमन म्हणाली, "उदार कसले, सुटलात."

संघासंघांत खेळाडू उसने द्यायची आमच्याकडे रीतच होती. कागद नाही, करार नाही, जबान. शेजारणीकडून पीठ उसनं नेलं तर परत करताना माप सपाट ठेवत नाहीत, शीग लावून देतात. खेळाडूचंही तसंच. परभणीच्या त्या संघाचे म्हातारे उस्ताद मैदानाच्या कडेला खाटेवर बसले होते. त्यांनी बोटानं एक पोरगं दाखवलं. "लेके जाव. मेरे पास बारा जने हैं, ये तेरावा. होली तक तुम्हारा. पन जैसा लेके जारे वैसाइच वापस लाए, तो क्या फायदा?"

पोराचं नाव दिगंबर. जिंतूर तालुक्यातल्या बोरीचा, अठरा वर्षांचा, परभणीला शिकायला ठेवलेला. पाय लांब, बोलणं आखूड. वडील लहानपणीच गेलेले, काकांनी वाढवलेला. परतीच्या गाडीत मी त्याला विचारलं, "घरचे काय म्हणतात रे?"

"नारायणकाका म्हनले, होळीपत्तर खेळ. होळीला जिल्ह्याची निवड हाय. तेच्यात नाव आलं तर पुढं बघू. न्हाई आलं तर वावरात यायचं, आन् पुन्हा बॉलचं नाव काढायचं न्हाई."

"मग?"

"मंग काय. नाव आनायचं."

बाजारातून मीठ आणायचं असतं, तशा सुरात तो हे म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहत बसला. बाहेर पोटऱ्यात आलेली ज्वारी मागे मागे पळत होती.

राहायला त्याला पार्सल ऑफिसमागची खोली मिळाली. जेवणाचं काय? तर जुन्या काळी विद्यार्थ्यांचे वार लावत, तसे आम्ही त्याचे वार लावले. आठवड्याचे सात वार, सात घरं. सोमवार आमच्याकडे. मी सभेत कागद घेऊन बसलो आणि एकेकाचं नाव सुंदर अक्षरात मांडत गेलो. बुधवारपर्यंत आलो आणि मागून किसनदादांचा आवाज आला, "गुरवार आमच्याकडं लिवा."

किसनदादा पॉइंट्समन होते. गाडी कोणत्या रुळावर जायची ते खटका ओढून ठरवणारा माणूस. कधीकाळी लोको शेडच्या संघातून खेळलेले, आणि तेही डाव्या पायानं. घर बौद्धांचं. ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून गावंच्या गावं दोन बाजूंना बसली होती. कुठे पाणवठा तुटला होता, कुठे घरं जळाली होती, एसटीत शेजारी बसलेला माणूस आडनाव विचारून मग बोलत होता. रेल्वेचं क्वार्टर सगळ्यांचं सारखंच गळतं, त्यामुळे आमच्या कॉलनीत त्या मानानं बरं होतं. तरी सभेतल्या माना एकमेकांकडे वळल्या. गार्डबाबांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली आणि म्हणाले, "सेक्रेटरी, पेनातली शाई संपली का?" मी लिहिलं. आणि आपण किती पुढारलेले, म्हणून चार दिवस ताठ मानेनं हिंडलो.

दिगूचे पहिले सामने आठवले की स्लीपरवरची थंडी आठवते. त्याचा उजवा पाय देखणा होता. डावा नुसता उभं राहायला. लेफ्ट आउटच्या जागेवर बॉल यायचा डाव्या पायाशी, आणि हा बाबा बॉलभोवती प्रदक्षिणा घालून तो उजव्यावर घ्यायचा. तेवढ्यात समोरचा बॅक चहा पिऊन येई. "डावा पाय बोरीला ठेवून आलास का?" गार्डबाबा ओरडायचे. "उद्याच्या पार्सलनं मागव."

दिगू हसायचा नाही, चिडायचाही नाही. पुन्हा जाऊन रेषेवर उभा राहायचा.

किसनदादांनी तीन गुरुवार त्याला नुसतं पाहिलं. चौथ्या गुरुवारी जेवण झाल्यावर त्याच्या पुढ्यात एक बूट ठेवला. एकच, डाव्या पायाचा. "उजव्याला काय बी घालायचं न्हाई," म्हणाले. उजवा पाय अनवाणी, खाली इंजिनाची राख आणि समोर पाणी पिऊन दगड झालेला चामडी बॉल. अनवाणी पायानं तो एकदा मारला की माणूस पुन्हा मारत नाही. मग सकाळी ड्यूटी संपली की दादा त्याला बंद पडलेल्या सायडिंगवर न्यायचे आणि एका रुळावरून चालायला लावायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळायचं ते डाव्या पायावर. धुकं असायचं. धुक्यातून आधी इंजिनाचा उसासा यायचा, मग कोळशाचा वास, मग हे दोघं दिसायचे. एक रुळावर, एक खाली, हात पाठीमागे बांधलेला.

कौतुक म्हणजे काय ते मला त्या हंगामात कळलं. त्याआधी वाटायचं, कौतुक म्हणजे टाळ्या. आमच्या स्लीपरवर टाळ्या क्वचितच वाजत. तिथं तक्रारी होत, आणि दिगूची वाढ मोजायची तर त्या तक्रारींवरूनच मोजता येईल. कार्तिकात तक्रार होती, याला डावा पायच नाही. मार्गशीर्षात झाली, डाव्यानं मारतो खरा, पण कोणाला मारतो ते त्याला तरी ठाऊक आहे का? मग, मारतो बरोबर, पण मान खाली घालून मारतो. पौषात एक दिवस गार्डबाबा भयंकर रागावले. "या पोराच्या बॉलवर डोकं लावायला माणूस लागतो. आमच्या पुढच्या दोघांच्या मानेवर मडकी आहेत." पोरगं आता आमच्यापेक्षा मोठं झालंय, हे कबूल करायची ती आमची रीत होती.

आणि श्रेय? सात घरांत सहा दावे. सुमनचा ठाम दावा, की सोमवारच्या तिच्या धिरड्यांनी त्याच्या पोटऱ्या भरल्या. मंगळवारच्या घरी खारकांचं नाव घेत. किसनदादांच्या गयाबाई काहीच दावा करत नसत. उडदाचं घुटं, लसणाचा ठेचा, टम्म फुगलेली भाकरी. तो जेवत असताना त्या उंबऱ्याशी बसून पीठ चाळायच्या आणि अधूनमधून म्हणायच्या, "डाव्या अंगाला वळून बस की. तेवडीच सवय."

आता माझ्या अक्षराकडे येतो.

नारायणकाकांचं पत्र आलं ते हुरड्याच्या सुमाराला. सेक्रेटरीस सप्रेम नमस्कार. चिरंजीव दिगंबर कोणत्या वारी कोणाकडे जेवतो ते सविस्तर कळवावे, दिवस बरे नाहीत. दिवस बरे नव्हते हे खरंच होतं. मी टेबलाशी बसलो. सोमवार आमचेकडे. मंगळवार अमुक, बुधवार तमुक. गुरुवारशी आलो आणि पेन थांबलं. आणि मग माझ्या वळणदार हातानं लिहिलं, गुरुवारी चि. दिगंबर दत्ताचा उपास धरतो.

नाव दिगंबर, वार गुरुवार. खोटं बोलायला इतकी सोय मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही. पोराचा हंगाम वाचावा म्हणून लिहिलं, असं मी स्वतःला सांगितलं. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की ते एक घर कागदावर मांडायला माझा हात धजला नाही. हे निम्मं मी घरी गोष्ट सांगताना बरीच वर्षं गाळत होतो. सुमन ते न चुकता भरत होती.

आठ-दहा दिवसांनी बोरीचा एक माणूस पिशवी घेऊन आला. आत साबुदाणा, भगर, भाजलेले शेंगदाणे आणि चिठ्ठी: गुरुवारी पोराला अशक्तपणा येऊ देऊ नये. काका खूश झाले होते. पोरगं शहरात जाऊन बिघडलं नाही, उलट दत्ताला लागलं.

सोमवार होता. दिगू आमच्याकडे जेवत होता. त्यानं चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. "भाऊ, साबुदाना कशापायी?"

मी सुमनकडे पाहिलं. सुमन म्हणाली, "माझ्याकडे कशाला बघता? मी नाही लिहिलं."

मी सांगितलं. सांगताना मध्येच हसूनही पाहिलं, म्हणजे ते हलकं होईल. दिगूनं ताटातली भाकरी संपवली, हात धुतला आणि पिशवी उचलली. "हे मी गयामावशीकडं नेतो."

"अरे, तिला काय सांगशील?"

"हाय ते."

त्याच्या मागोमाग मी गेलो. त्याला अडवायला गेलो, असं मला तेव्हा वाटत होतं. खरं तर माझ्याविषयी तिथं काय बोललं जातंय ते ऐकायला गेलो. गयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पिशवीत हात घालून साबुदाणा बोटांतून सोडला. मग माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाल्या, "म्हंजी आमच्या घरी जेवला की उपास घडतो. आमाला म्हाईतच नव्हतं."

एवढंच. मला वाटतं, त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी आज ही गोष्ट सांगितली नसती, विसरून गेलो असतो. किसनदादा बुटाची नाडी ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "सेक्रेटरी, गाडी चुकीच्या रुळावर गेली की आमी तिला तशीच पुढं दामटत न्हाई. माघारी घेतो. तुमी बी घ्या."

"लिहितो. उद्याच लिहितो, दादा."

"आन् तवर हितली भाकर बंद व्हनार न्हाई," गयाबाई म्हणाल्या. "साबुदाना तुमच्याकडं न्या. आमच्याकडं कुनी खात न्हाई."

तो साबुदाणा आम्ही महिनाभर खाल्ला. घशाखाली उतरत नव्हता, हे मी अलंकारिक अर्थानं सांगतो. सुमनच्या मते तीन-तीन वाट्या उतरत होता.

आणि पत्र? पत्र मी रोज लिहीत होतो. पार्सलांच्या चिठ्ठ्या फाडता फाडता मजकूर जुळवत होतो. आधी शाई नव्हती, मग सामना होता, मग गाड्या उशिरा होत्या. माघ संपत आला. एका संध्याकाळी दिगू बूट हातात घेऊन माझ्याकडे आला. "भाऊ, लिवलं का?"

"सेमीफायनल होऊ दे रे. काका चिडले आणि तुला घेऊन गेले तर? निवड पंधरा-वीस दिवसांवर आलीय. एवढी मेहनत वाया जाईल."

"जाऊ द्या की. दर गुरवारी मी त्यांच्या ताटात जेवायलाय, आन् कागदावर उपाशी हाय. भाऊ, असा पाय उचलत न्हाई." मग बूट खाली ठेवून म्हणाला, "तुमी नका लिवू. मी लिवतो."

त्यानं पोस्टकार्ड घेतलं, स्टेशनच्या बाकावर बसून चार ओळी लिहिल्या आणि पेटीत टाकलं. पेटीत टाकण्याआधी मला दाखवलं. अक्षर वाईट, मजकूर सरळ.

सेमीफायनल गुरुवारीच होती. दुपारच्या पॅसेंजरनं नारायणकाका उतरले. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, हातात छत्री. फाल्गुन लागला होता तरी छत्री. माझ्या टेबलाशी आले. "सेक्रेटरी तुमीच का?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. दुसऱ्याच्या दारात माणूस जेवढा सभ्य असतो तेवढे ते सभ्य होते. "पोराचं बोचकं बांधायला आलोय. हाय कुठं?"

मी घड्याळ पाहिलं. गुरुवार, दुपारचं जेवण. "चला," म्हटलं. यार्डातून आम्ही चाललो. रूळ ओलांडताना मी त्यांना तीनदा जपून म्हणालो. ते पडतील म्हणून नव्हे, काहीतरी बोलावं म्हणून.

गयाबाईंचं दार उघडंच होतं. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली दिगू ताटावर बसलेला. काका अंगणात थांबले. उंबऱ्याला पाय लावला नाही.

"दिगंबर, ऊठ."

दिगूनं वर पाहिलं. "जेवून उठतो, काका."

"बोचकं बांध. साडेसाताची गाडी हाय."

"मॅच खेळून बांधतो."

गयाबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि काकांच्या समोर ओट्यावर ठेवला. घ्या म्हणाल्या नाहीत, घेऊ नका म्हणाल्या नाहीत. काकांनी तांब्याकडे पाहिलं, दिगूकडे पाहिलं. तो भाकरी मोडत होता, घुट्यात बुडवत होता, नेहमीच्या गतीनं, एकही घास न चुकवता. मी पुष्कळ खेळाडूंना गोलसमोर पाहिलं आहे. इतका शांत कोणी पाहिला नाही. मला स्वतःला मात्र पाण्याची फार गरज होती. मी तो तांब्या उचलून पिऊन टाकला. हे शौर्य नव्हतं. पण गयाबाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे जरा बरं पाहिलं.

गाडीला वेळ होता म्हणून काका मैदानावर आले. स्लीपरवर त्यांना गार्डबाबांच्या शेजारी जागा मिळाली. हे कोण, ते बाबांना माहीत नव्हतं. सामना सुरू झाला आणि बाबांनी सवयीनं शेजाऱ्याला समजवायला घेतलं. "तो डावीकडचा पाहा, पाहुणे. आला तेव्हा एका पायाचा होता. आता पाहा."

काका पाहत होते. दिगूकडे बॉल आला. त्यानं समोरच्या बॅकला आत ओढलं, बाहेरून गेला आणि रेषेपाशी पोचून, मान वर ठेवून, डाव्यानं बॉल असा उचलून दिला, की तो गोलसमोर क्षणभर थांबल्यासारखा वाटला. आमच्या सेंटर फॉरवर्डनं डोकं लावलं आणि बॉल मालधक्क्यावर गेला. "मडकं," गार्डबाबा म्हणाले.

असं चार वेळा झालं. आम्ही एका गोलानं हरलो. काकांना हरजीत काही कळत नव्हती, पण ते वाकून, छत्री गुडघ्यात धरून फक्त पायांकडे पाहत होते. जनावराच्या बाजारात चालून दाखवलेल्या बैलाकडे पाहतात, तसे.

"उजव्या अंगाचं पोरगं हाय ते," शेवटी म्हणाले. "ल्हानपनापासून. उजवीचा बैल डावीला वळवायचा तर दोन सालं जात्यात, आन् निम्मे बिघडत्यात. हे कुनी केलं?"

"किसननं," गार्डबाबांनी रेषेपलीकडे बोट केलं. "तो काय उभाय, पॉइंट्समन. गुरुवारचं घर."

काकांनी त्या बाजूला बराच वेळ पाहिलं. किसनदादा हात पाठीमागे बांधून उभे होते. त्यांनीही पाहिलं. कोणी कोणाकडे गेलं नाही.

साडेसाताच्या गाडीला मी आणि दिगू दोघंही गेलो. दिगूच्या हातात बोचकं नव्हतं, आणि काकांनी ते मागितलंही नाही. डब्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "निवडीपत्तर ऱ्हा." मग आवाज उतरवून, "पन गावात काय सांगू?"

"पत्रात लिवलंय तेच."

"ते पत्र मी एकट्यानंच वाचलंय."

"मंग मोठ्यानं वाचा, काका."

गाडी हलली. काका आत गेले की दारातच राहिले, ते अंधारात दिसलं नाही.

त्या पंधरा दिवसांत आमच्या कॉलनीत कोणी आजारी पडलं नाही, कोणी भांडलं नाही, म्हणजे मला तरी आठवत नाही. आठवतं ते एवढंच: सकाळी सायडिंगवर धुकं, संध्याकाळी बॉलचा धप् धप् आवाज, आणि स्लीपरवर न बोलता बसलेले पंधरा-वीस लोक. तक्रारी संपल्या होत्या. हरलेल्या संघाचे प्रेक्षक एका पोराच्या एका पायासाठी रोज येत होते. तो उसना होता, होळीनंतर आमचा नव्हता, त्यानं पुढे कमावलेलं काहीही आमच्या वाट्याला येणार नव्हतं. मला वाटतं, म्हणूनच ते इतकं नितळ होतं. आपल्या पोराचं कौतुक करताना माणूस थोडं स्वतःचंही करून घेतो.

निवडीच्या दिवशी परभणीला आम्ही नऊ जण गेलो. किसनदादांनी रजा टाकली होती. ते कुंपणाजवळच्या कडुनिंबाखाली थांबले, पुढे येईनात. दुपारी तीन वाजता यादी वाचली. लेफ्ट आउट म्हणून दिगूचं नाव आलं. गार्डबाबांनी शिट्टी तोंडात धरली आणि वाजवायची विसरले.

पण नाव आलं म्हणजे काम झालं नव्हतं. एकोणीसच्या आतला मुलगा, फॉर्मवर पालकाची सही हवी. टेबलावरचा माणूस म्हणाला, पाच वाजेपर्यंत सहीचा कागद द्या, नाहीतर नाव पुढच्याला जाईल. काकांना तार केलेली होती. काका आले नव्हते. बोरीच्या एसट्या येत होत्या, धूळ उडत होती, माणसं उतरत होती.

मी फॉर्म भरायला घेतला. नाव, गाव, जन्मतारीख. मग रकाना आला, मार्गदर्शकाचे नाव. दिगू माझ्या खांद्याशी उभा होता. काका तो रकाना वाचतील आणि सही न करता छत्री उचलून जातील, हे मला दिसत होतं. त्यालाही दिसत असणार. रकाना कोरा ठेवला तरी चालतो, असं टेबलावरच्या माणसानं आपणहून सांगितलं. मी किसनदादांचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. त्यापुढे लिहिलं, पॉइंट्समन, पूर्णा. इतकं वाईट अक्षर माझं त्याआधी कधी आलं नव्हतं.

साडेचारला काका आले. धोतरावर धूळ, टोपी हातात. कागद घेतला, उन्हाकडे तिरपा धरला आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचायला लागले. मोठ्यानं वाचत होते. त्यांना मनात वाचता येत नसावं, की तसं ठरवून वाचत होते, ते मला सांगता येणार नाही. पुतण्याचं नाव वाचलं. गाव वाचलं. मग किसनदादांचं नाव वाचलं, आडनावासकट, हुद्द्यासकट, आणि आजूबाजूच्या माणसांनी वळून पाहिलं. काका थांबले. मान वर करून कडुनिंबाकडे पाहिलं.

मग माझ्यापुढे हात केला. मी पेन दिलं. त्यांनी फॉर्म छत्रीच्या मुठीवर टेकवून पाहिला, जमेना, तेव्हा दिगूला पाठ वाकवायला सांगितली आणि त्याच्या पाठीवर कागद ठेवून सावकाश सही केली.

मला पाच वाजायची धास्ती. मी कागद हिसकावून घडी घालायला लागलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांबा," म्हणाले. "वाळू द्या. ते वरचं नाव पुसंल."